औषधाच्या आधीचा प्रश्न

(१९८३ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीखंडपुरीच्या जेवणानंतरचं पहिलं भाषण माझ्या वाट्याला आलंय. मागच्या बाकावरच्यांची डुलकी काढायची सवय चाळीस वर्षांत गेली नसणार, हे मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगते, शेवटी एक कार्ड भरून घेणार आहे. तेवढं जागे राहा.

संयोजकांनी मला ‘आरोग्यावर काहीतरी बोल’ म्हणून सांगितलं. मी म्हटलं, आपल्या तुकडीत तीन डॉक्टर आहेत, त्यांना सांगा. तर ते म्हणाले, ‘डॉक्टर पाच मिनिटं येऊन जातात, रात्रभर पेशंटजवळ तू असतेस.’ हे खरं आहे. दहावीनंतर मी नर्सिंगला गेले. १९८९ साली सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून रुजू झाले आणि यातली बरीचशी वर्षं अतिदक्षता विभागात काढली. आज त्याच विभागाची परिसेविका आहे. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि हाताखालून गेलेलं जास्त, असं मी बोलणार आहे. विषय एकच घेतलाय : रक्ताची गुठळी विरघळवणारी औषधं. आपण सगळे आता पंचावन्नच्या पुढे आहोत. आपल्यापैकी कुणाला ना कुणाला, नाहीतर घरातल्या कुणाला, या औषधाची गाठ पडणार आहे.

गुठळी हा शब्द आपण वाईट अर्थानं वापरतो. पण विळीनं बोट कापलं की रक्त थांबतं ते गुठळीमुळेच. जखम भरत आली की ही गुठळी काढून टाकायची सोयही शरीरातच आहे. रक्तातला प्लास्मिन नावाचा घटक ती हळूहळू विरघळवतो. स्ट्रेप्टोकायनेज, अल्टेप्लेज, टेनेक्टेप्लेज ही औषधं हेच काम घाईनं करून घेतात. हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली की हार्ट ॲटॅक, मेंदूच्या धमनीत अडकली की अर्धांगवायू. तिथं दिवसांची वाट बघून चालत नाही.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. ‘आमचे हे रक्त पातळ करायची गोळी घेतात, म्हणजे गुठळी विरघळत असेल ना?’ नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन ही औषधं नवी गुठळी होऊ नये किंवा आहे ती वाढू नये म्हणून असतात. झालेली गुठळी फोडणारं औषध वेगळं. ते शिरेतून देतात, रुग्णालयातच देतात.

ही औषधं आली कुठून, तेही ऐका. घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंपासून निघणारा एक पदार्थ माणसाच्या रक्ताची गुठळी विरघळवतो, हे विल्यम टिलेट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९३३ साली दाखवलं. तेच पुढं स्ट्रेप्टोकायनेज झालं. मी नर्सिंग शिकत होते तेव्हा, १९८८ साली, ‘आयसिस-२’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हार्ट ॲटॅकचे १७,१८७ रुग्ण त्यात होते. ज्यांना स्ट्रेप्टोकायनेजही नाही आणि ॲस्पिरिनही नाही, त्यांच्यातले पाच आठवड्यांत शंभरी सुमारे १३ दगावले. ज्यांना दोन्ही मिळालं, त्यांच्यातले ८. शंभरात पाच जीव. मी वॉर्डात उभी राहिले तेव्हा हे औषध नवंनवं आमच्या फ्रिजमध्ये येत होतं, आणि ती बाटली हातात घेताना आम्हाला फार मोठं काही केल्यासारखं वाटायचं.

पण या औषधाला पत्ता सांगता येत नाही. ‘हृदयातली गुठळी फोड आणि बाकीच्यांना हात लावू नको’ असं त्याला बजावता येत नाही. पोटात अल्सर असेल, डोक्याला नुकता मार लागला असेल, मेंदूत एखादी जुनी जखम भरत आली असेल, तर तिथलं रक्तही ते सोडवतं. हार्ट ॲटॅकच्या शंभर रुग्णांना हे औषध दिलं तर साधारण एकाच्या मेंदूत रक्तस्राव होतो, सगळं नीट करूनही. म्हणून देण्याआधी आम्ही प्रश्न विचारतो. आज मला खरं तर या प्रश्नांबद्दलच बोलायचंय, आणि त्यासाठी माझी स्वतःचीच एक चूक सांगणार आहे.

१९९४ सालची गोष्ट. गणपती उठले त्याच आठवड्यात रात्री एक आजोबा आले. पासष्टीचे असतील. छातीत कळ, घामानं सदरा भिजलेला, ईसीजीत हार्ट ॲटॅक अगदी स्पष्ट. डॉक्टरांनी स्ट्रेप्टोकायनेज लावायला सांगितलं आणि ते दुसऱ्या अत्यवस्थ पेशंटकडे धावले. मी औषध भरायला घेतलं आणि यादीतले प्रश्न मुलाला विचारले : ‘पूर्वी मेंदूचा काही आजार? कुठं रक्तस्राव? मोठी शस्त्रक्रिया?’ मुलगा म्हणाला, ‘काही नाही सिस्टर. बाबा एकदम ठणठणीत. परवापर्यंत शेतात जात होते.’ मी कागदावर तीन ठिकाणी ‘नाही’ लिहिलं आणि औषध सुरू केलं.

तासाभरात छातीतलं दुखणं थांबलं. आजोबांनी मला विचारलं, ‘पोरी, जेवलीस का?’ पहाटे त्यांचं डोकं दुखायला लागलं. मग उलटी झाली. मग बोलायचे थांबले, आणि डोळ्यांवर बॅटरी मारली तर एक बाहुली मोठी झालेली. दुपारी ते गेले.

संध्याकाळी सून माझ्याजवळ येऊन बसली. रडता रडता म्हणाली, ‘आखाडात त्यांच्या अंगावरनं वारं गेलं होतं. तोंड वाकडं झालेलं, डावा हात उचलत नव्हता. मालिश केली, आठ दिवसांत बरं झालं. आम्हाला वाटलं, आता कशाचीच भीती नाही.’

आखाड म्हणजे दोन महिने झाले होते. तो अर्धांगवायूचा झटका होता. तीन महिन्यांच्या आत असा झटका येऊन गेला असेल तर हे औषध द्यायचं नसतं. मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी वारं जाणं हा ‘मेंदूचा आजार’ नव्हताच. शिवाय बरं झालं तो आजार कसला? मी प्रश्न विचारला होता, पण त्याला कळेल असा विचारला नव्हता. त्या दिवशीच्या डॉक्टरांनी माझ्यावर काही ढकललं नाही. ‘मीही विचारायला हवं होतं’ एवढंच म्हणाले. पण त्या कागदावरचं ‘नाही’ माझ्या अक्षरातलं होतं.

तेव्हा मला शाळेतला एक दिवस आठवला. सातवीत तपासणीला एक साहेब आले होते. त्यांनी एका मुलीला उभं केलं आणि म्हणाले, ‘जलचक्राचं विवेचन कर.’ ती खांबासारखी उभी. साहेबांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. तेवढ्यात आपल्या मराठीच्या बाई मागून म्हणाल्या, ‘साहेब, एक मिनिट. अगं, विहिरीतलं पाणी ढगात कसं जातं गं?’ आणि ती मुलगी घडाघडा बोलायला लागली. साहेब गेल्यावर बाई म्हणाल्या, ‘तिला उत्तर येत होतं. प्रश्न तिच्यापर्यंत पोचला नव्हता.’ ती मुलगी मी होते. बाई आज इथं पुढच्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्हाला हे आठवतही नसेल.

मी एक शंभर पानी वही घेतली आणि यादीतला एकेक प्रश्न आपल्या बोलीत लिहून काढला. ‘पूर्वी स्ट्रोक’ याऐवजी : तोंड कधी वाकडं झालं होतं का, हात लुळा पडला होता का, बोबडी वळली होती का, बरं झालं असलं तरी सांगा. ‘डोक्याला इजा’ याऐवजी : गेल्या तीन महिन्यांत गाडीवरून, शिडीवरून, न्हाणीत घसरून पडलात का? ‘पोटात रक्तस्राव’ याऐवजी : शौचाला डांबरासारखं काळं होतं का, रक्ताची उलटी झाली होती का? ‘रक्त पातळ करणारी औषधं’ याऐवजी : हृदयाची झडप बदलली आहे का, दर महिन्याला रक्त तपासून कमीजास्त करतात अशी कुठली गोळी चालू आहे का? दुखणं पाठीत फाडत गेल्यासारखं आहे का, तेही विचारायचं आणि दोन्ही हातांचं बीपी बघायचं. कारण मुख्य धमनीचा पदर फाटला असेल तर तेही छातीत दुखतं, आणि तिथं हे औषध म्हणजे मरण. बायकांना पाळी चालू आहे का, हेही विचारते. त्यामुळे औषध सहसा थांबत नाही, पण आम्हाला माहीत हवं.

आणि एक प्रश्न आपल्या भागासाठी खास : ‘इथं यायच्या आधी कुठं कमरेत सुई घेतली का?’ छातीत दुखलं की आपल्याकडे गॅस समजून जवळच्या दवाखान्यात कमरेत इंजेक्शन घ्यायची पद्धत आहे. पुढं गुठळी विरघळवणारं औषध दिलं की त्या सुईच्या जागी मांसात रक्त साठतं. नारळाएवढी सूज आलेले पेशंट मी पाहिलेत. त्यातल्या काहींना रक्त चढवावं लागलं.

आता दुसरी बाजूही सांगते. आजोबांच्या प्रसंगानंतर काही महिने हे औषध भरताना माझा हात कापायचा. कुठंही शंका निघावी आणि औषध टळावं, असं मनातून वाटायचं. तेव्हा आमच्या वरिष्ठ सिस्टर मला म्हणाल्या, ‘औषध देऊन माणूस गेला तर सगळ्यांना दिसतो. न दिल्यामुळे गेला तर ॲटॅकनं गेला म्हणतात, कुणी मोजत नाही. तू दोन्ही मोज.’ ते मी धरून ठेवलंय. प्रश्न विचारायचे ते औषध टाळायला नाही, ज्याला द्यायचं त्याला बिनघोर देता यावं म्हणून.

मेंदूच्या बाबतीत तर प्रश्नांमध्ये पहिला प्रश्न घड्याळाचा असतो. अर्धांगवायूत अल्टेप्लेज उपयोगी पडतं हे १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीनं दाखवलं. तेव्हा मुदत तीन तासांची होती. २००८ साली युरोपातल्या चाचणीनंतर ती साडेचार तासांवर गेली. गुठळीनं धमनी बंद असताना दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा एक हिशेब आहे. त्यामुळे साडेचार तास म्हणजे तोवर निवांत बसायचं असं नाही. शिवाय अर्धांगवायू काही वेळा गुठळीनं नाही, तर मेंदूत रक्तस्राव होऊनही येतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सीटी स्कॅन केल्याशिवाय ओळखता येत नाही, म्हणून स्कॅनआधी हे औषध नाही. घरच्या घरी ॲस्पिरिनही द्यायची नाही.

आम्ही नातेवाइकांना विचारतो, ‘हे शेवटचे ठीक कधी दिसले?’ उत्तर येतं, ‘सकाळपासनं.’ सकाळ म्हणजे किती वाजता? मग मी विचारते, कारखान्याचा भोंगा झाला होता का? मुक्कामी एस.टी. गेली होती का? दूधवाला आला तेव्हा बोलले होते का? रात्र असेल तर टीव्हीवर कुठली मालिका चालू होती? अशी वेळ बरोबर निघते. झोपेतून उठतानाच हात लुळा असेल, तर उठल्याची वेळ धरत नाहीत. रात्री झोपताना ठीक होते, ती वेळ धरतात.

आपल्या वर्गातला एक जण आज इथं तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याच्या परवानगीनं सांगते. मागच्या वर्षी सकाळी चहाचा कप त्याच्या हातातून निसटला आणि शब्द जड झाले. त्याच्या बायकोनं पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहा वाजून दहा मिनिटं. ती वेळ तिनं तळहातावर पेननं लिहिली. साखर कमी झाली म्हणून खडीसाखर तोंडात घालावी, असं शेजाऱ्यांनी सुचवलं. तिनं घालू दिली नाही, कारण गिळता येत नसलं तर ठसका लागून ती श्वासनलिकेत जाते. १०८ ला फोन केला, औषधांची पिशवी आणि जुनी फाइल उचलली. आठच्या आत स्कॅन झाला होता. डॉक्टरांनी औषधाची जोखीम सांगितली : शंभरातल्या सहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, औषध न देता शंभरात एकालाही क्वचितच होतो. पण चालते-बोलते घरी जाण्याची शक्यता औषधानं चांगली वाढते. तिनं विचारलं, ‘तुमच्या भावाला दिलं असतं का?’ डॉक्टर म्हणाले, ‘हो.’ तिनं सही केली.

हे मुद्दाम सांगतेय. कारण आमच्याकडे अनेकदा औषध हातात तयार असतं आणि नातेवाईक म्हणतात, ‘मुलगा पुण्याहून निघालाय, तो आला की ठरवू.’ मुलगा पोचतो तेव्हा मुदत संपलेली असते. मुलाला फोनवर घ्या, डॉक्टरांशी बोलू द्या, पण गाडीची वाट बघू नका.

औषध देताना आत काय चालतं, तेही थोडं सांगते. म्हणजे बाहेर बसून ‘एवढा वेळ काय करतायत’ असं वाटणार नाही. वजन हवं असतं, कारण मेंदूसाठी अल्टेप्लेजचा डोस किलोला ०.९ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त ९० असा असतो. त्यातला दहावा भाग आधी एकदम आणि उरलेला तासाभरात जातो. टेनेक्टेप्लेज एकाच सुईत जातं, पण हृदयासाठी वजनानुसार ३० ते ५० मिलिग्रॅम आणि मेंदूसाठी फार तर २५. औषध एकच, डोस दुसरा. म्हणून आमच्याकडे दोघी जणी वेगवेगळा हिशेब करतो, आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय सुई भरत नाही. औषधांची नावं तोडून लिहायला मी माझ्या विभागात बंदी केली आहे. बाटली खळाखळा हलवायची नाही, फेस होतो, नुसती गोल फिरवायची. मेंदूच्या पेशंटचं बीपी १८५/११० च्या खाली आल्याशिवाय औषध सुरू होत नाही. नंतर चोवीस तास ते १८०/१०५ च्या आत ठेवायचं. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासानं आणि मग तासातासानं बघायचं. कमरेत सुई नाही. लघवीची नळी शक्यतो आधीच, नाहीतर नंतर थांबून. ब्लेडनं दाढी नाही.

या चोवीस तासांत तुमचंही काम आहे. पेशंटचं डोकं अचानक ठणकायला लागलं, उलटी झाली, बोलणं बिघडलं, हिरड्यांतून रक्त आलं, तर ‘सिस्टर कामात आहेत, मग सांगू’ म्हणू नका. ताबडतोब हाक मारा. रागावणाऱ्या सिस्टरलाही मारा. आणि कुणाला कधी स्ट्रेप्टोकायनेज दिलं असेल तर त्याचा कागद जन्मभर सांभाळा. शरीर त्या औषधाविरुद्ध तयार होतं, म्हणून ते पुन्हा देत नाहीत. दुसरं देतात.

हृदयासाठी आता अँजिओप्लास्टी हा चांगला मार्ग आहे. दोन तासांच्या आत ती होणार असेल तर तीच करावी. पण आपल्या गावाकडून शहर गाठेपर्यंत किती वेळ जातो, तुम्हाला माहीत आहे. अशा वेळी जवळच्या रुग्णालयात आधी गुठळीचं औषध घेऊन मग पुढं जाणं, हे जीव वाचवणारं असतं. दीड तासानं पुन्हा ईसीजी काढून धमनी उघडली का, ते बघतात. उघडली असली तरी पुढच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात जायचंच असतं. ‘आता दुखत नाही’ म्हणून घरी निघायचं नाही.

मागच्या मेळाव्यात आपल्याला पेटी वाजवून दाखवणारा आपला मित्र आज नाही. रात्री अकराला त्याच्या छातीत जळजळलं. ॲसिडिटीचं औषध घेतलं, सोडा प्यायला, आणि ‘सकाळी बघू’ म्हणाला. त्याचं घर रुग्णालयापासून वीस मिनिटांवर होतं. आत्ता त्याची आठवण काढून आपण सगळे गप्प झालो. म्हणूनच मला हे सगळं बोलायचं होतं.

तुमच्या पिशवीत स्मरणिकेबरोबर एक पिवळं कार्ड आहे. मी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलंय. त्यावर आठ ओळी आहेत : रोजच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, झालेली ऑपरेशनं, कधी तोंड वाकडं किंवा हात लुळा झाला असल्यास महिना आणि साल, कधी रक्ताची उलटी किंवा काळी शौच, गुठळीचं औषध आधी घेतलं असल्यास त्याचं नाव, वजन, आणि फोन लागलाच पाहिजे अशा एका माणसाचा नंबर. चहा येईपर्यंत भरा आणि पाकिटात ठेवा. घरच्यांनाही दाखवा. तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा ते कार्ड तुमच्या वतीनं बोलेल.

कुठला प्रश्न कळला नाही तर मला विचारा. मी दुसऱ्या शब्दांत विचारून बघेन. बाई, ते मी तुमच्याकडूनच शिकले.